३८१६५४७२९ : सातच्या कसोटीला उतरलेली एकटी संख्या

तुम्ही विचारलंय की एखादी संख्या नुसती मोठी नाही, तर खरोखर खास आहे असं कधी म्हणायचं. माझं उत्तर एका संख्येतच आहे: ३८,१६,५४,७२९.

१ ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकेकदाच आलेत. आता डावीकडून वाचत चला. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, असं करत करत अख्ख्या संख्येला ९ ने. पुढे शून्य जोडलंत तर १० नेही. या नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. त्यांत अशी ही एकच!

आणि ती शोधायला संगणक लागत नाही, शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात. पाचवा अंक ५ च हवा, कारण शून्य आपल्याकडे नाही. दुसरा, चौथा, सहावा, आठवा अंक सम. म्हणजे विषम जागी विषम अंकच उरले. तिसरा अंक विषम असल्यामुळे ४ च्या कसोटीने चौथा अंक २ किंवा ६. तसंच ८ च्या कसोटीने आठवाही २ किंवा ६. पहिल्या तीन आणि पहिल्या सहा, दोन्ही अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जायला हवा, म्हणून मधले तीन अंक २५८ नाहीतर ६५४. एवढं केलं की फक्त दहा संख्या उरतात. कागद-पेन घेऊन करून बघाच, अर्ध्या तासाचं काम आहे.

उरलेल्या दहांत ९८७६५४३२१ सुद्धा आहे! एवढी सरळ उतरती मांडणी, आणि बाकीच्या सगळ्या कसोट्या ती पार करते. पण ९८७६५४३ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते. शाळेत आपण ७ ला टाळायचो, कारण त्याची सोपी कसोटी नाही. इथे मात्र निकाल तोच लावतो. दहाही संख्यांच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भागून पाहावं लागतं, आणि ३८१६५४७ भागिले ७ बरोबर ५४५२२१. बाकी शून्य. उरलेल्या नऊ बाद.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी आणखी लांबते. दहाव्या अंकापर्यंत अडचणच येत नाही, कारण पुढे ० ते ९ मधला अंक जोडताना लागोपाठच्या दहा संख्या हाताशी असतात आणि त्यांत १० पर्यंतच्या कुठल्याही संख्येची एक तरी पट सापडतेच. अकराव्यापासून ती हमी संपते. तरीही साखळी पंचवीस अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे सव्विसावा अंक कोणताही जोडा, २६ ने भाग जात नाही.