संकल्प सोडला म्हणजे टाकून दिला नव्हे

नाशिकच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने विचारले आहे : ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेच्या पत्रिकेत आम्ही 'नववर्षाचा संकल्प सोडणे' असे छापले. काहींनी हरकत घेतली की सोडणे म्हणजे टाकून देणे, तिथे 'करणे' हवे. इतर काही म्हणाले, संकल्प हा शब्दच आपला नाही. बरोबर कोण?

दोन्ही हरकती चूक, पत्रिका बरोबर.

'जिम लावली होती, पण फेब्रुवारीत संकल्प सोडला' अशी वाक्ये दर वर्षी ऐकू येतात, छापूनही येतात. संकल्प मोडतो, फसतो, बारगळतो, तडीस जात नाही. तो सोडतात मात्र आरंभी. उजव्या तळहातावर पाणी, अक्षता, फूल घ्यायचे, देशकालाचा उच्चार करायचा, आपले नाव आणि हेतू सांगायचा, 'करिष्ये' म्हणायचे आणि हातातले पाणी ताम्हनात सोडायचे. सोडले जाते ते पाणी. ते खाली गेले की संकल्प पक्का झाला, मागे घेता येत नाही. देशाचा उच्चारही मोघम चालत नाही. पुण्यात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवरच, बसल्यावर आपण कुठल्या काठाला आहोत हे आधी पाहावे लागते. गोंधळाचे मूळ बहुधा 'पाणी सोडणे' या शेजारच्या प्रयोगात आहे. दान देतानाही हातावरून उदक सोडतात, 'न मम' (माझे नव्हे) म्हणतात आणि वस्तूवरचा हक्क संपतो. त्यावरून 'त्या पैशावर पाणी सोड' हा प्रयोग आला. विधी दोन्हीकडे सारखाच, पण एका ठिकाणी हक्क सुटतो आणि दुसऱ्या ठिकाणी शब्द बांधला जातो.

आता खरी गंमत. संकल्प म्हणजे सम् अधिक कल्प, आणि कल्पाचा धातू कॢप्. मराठी वर्णमालेत ऋच्या शेजारी बसणारा तो एकाकी ऌ आठवा. मुले विचारतात, हा कशासाठी? तो या धातूसाठी. संस्कृतात प्रत्यक्ष वापरात ऌ या एकाच धातूच्या रूपांत भेटतो, आणि मराठीत तो उरला आहे कॢप्ती या एका शब्दात. तोही आता बहुतेक जण 'क्लृप्ती' असा लिहितात आणि त्या बिचाऱ्या अक्षराची शेवटची जागाही काढून घेतात. म्हणजे कॢप्ती आणि संकल्प ही सख्खी भावंडे. कल्पना, विकल्प, प्रकल्प, अर्थसंकल्प, कायाकल्प हेही त्याच घरातले. पाणिनीच्या परंपरेत हा धातू मुळात 'कृपू' असा सांगितला आहे, आणि 'कृपो रो लः' या सूत्राने त्याच्या र चा ल होतो. हे वाचून कोणी प्रवचनात संकल्प आणि कृपा यांचे नाते जोडू लागला तर त्याला थांबवा. कृपेचा धातू निराळा, क्रप्. विचार देखणा आहे, पण व्युत्पत्ती तशी नाही.

धातुपाठाने, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह यादीने, या कृपू धातूचा अर्थ दिला आहे 'सामर्थ्ये'. योग्य असणे, पुरे पडणे, जुळून येणे. गीतेतले 'सोऽमृतत्वाय कल्पते' हे याच अर्थाने : तो अमृतत्वाला पात्र होतो. म्हणून अमरकोशातल्या 'संकल्पः कर्म मानसम्' या व्याख्येवर थांबणारे विद्वान मला पटत नाहीत. मनातली क्रिया म्हटले की संकल्प म्हणजे नुसती इच्छा उरते, आणि त्या शब्दाच्या पोटातली जुळणी, ताकदीचा हिशेब, सगळा गळून पडतो. अर्थसंकल्पात जमा आणि खर्च एकमेकांसमोर मांडतात. नुसती इच्छा असती तर त्या शब्दाची तिथे गरज काय होती? जे आपल्याला पेलत नाही त्याला हौस म्हणावे. संकल्प म्हणू नये.

शब्द 'आपला' नसल्याची हरकत तर मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले की संपते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन पाहा : देवाने 'संकल्पाप्रमाणे' बोलावलेले लोक. तिथला ग्रीक शब्द 'प्रोथेसिस', म्हणजे पुढे मांडणे. आणि मंदिरातल्या समर्पित भाकरीच्या ग्रीक नावातही हाच शब्द आहे. संकल्प तिथे देवाचा आहे, माणसाचा नंतर. बाटण्याची भीती शब्दांना लावायची तर मग शरणपूरचे काय करणार? बुद्धाच्या त्रिशरणात 'शरण' आहे, गीतेच्या 'मामेकं शरणं व्रज' मध्येही आहे, आणि एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात वसवलेल्या ख्रिस्ती गावाचे नावही त्याच शब्दाने सुरू होते. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा मिळाला. त्या नावाने कोणाची श्रद्धा पातळ झाली नाही.

पत्रिकेबद्दल माझी तक्रार असलीच तर जागेची. संकल्प पहिल्याच गीतानंतर ठेवू नका. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे सांगितले आहेत : उपकारस्मरण, स्वतःचे पाप ओळखण्यासाठी कृपेची मागणी, मग सरलेल्या काळाचा तासातासाने हिशेब, क्षमायाचना, आणि सगळ्यांत शेवटी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. बहुतेक मंडळ्या पाचव्यापासून सुरुवात करतात आणि पहिले चार दोन मिनिटांच्या सामुदायिक पापकबुलीत उरकतात. तिसऱ्या टप्प्याला किमान दहा मिनिटे शांतता द्या, पेटी-तबल्याशिवाय. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये पहिली कराराची उपासना, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने बांधण्याची उपासना, घेतली, आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ती पुढे वर्षारंभाशी जोडली गेली. तिची घडणही अशीच : देवाने काय केले ते आधी, माणसाचा शब्द नंतर.

आणि शब्द देताना 'अधिक प्रार्थना करीन' असे चिठ्ठीवर लिहू नका. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, हे लिहा. ताम्हनापुढे बसलेला माणूससुद्धा तिथी आणि तीर सांगतो. शास्त्र वर्षात वाचून काढण्याची चिठ्ठी दर वर्षी सर्वांत जास्त लिहिली जाते आणि सर्वांत आधी मोडते, म्हणून तिचा हिशेब देतो. सहासष्ट पुस्तकांचे अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात बसतात. पण उत्पत्तीचे पन्नास आणि निर्गमाचे चाळीस अध्याय संपून जानेवारीच्या अखेरीस लेवीय लागते. यज्ञबली आणि कुष्ठाच्या नियमांचे ते सत्तावीस अध्याय सुरू झाले की गाडी अडते. एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी सहा वाचायचे होतात, तिसऱ्या दिवशी नऊ, आणि मग पुस्तक उघडायचीच लाज वाटते. त्यापेक्षा पहिल्या वर्षी नवा करार घ्या. त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच धरले तर बरोबर बावन्न आठवडे होतात, आणि चुकलेला अध्याय भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात.