ताटातले प्रश्न : शाळेतलं अंडं आणि सोडलेलं दूध

प्रश्न : ताई, मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. गाव जत तालुक्यात, शाळेचा पट साठ. सरकारने अंड्याचे पैसे बंद केल्यावर आम्ही गावातून वर्गणी काढून आठवड्यातून एकदा अंडं चालू ठेवायचं ठरवलं आणि गावात दोन तट पडले. काही घरं माळकरी, दोन जैनांची. त्यांचं म्हणणं, अंडी उकडलेल्या पातेल्यातली खिचडी आमच्या पोरांनी का खावी? त्यात गावचेच पण मुंबईत स्थायिक झालेले एक गृहस्थ शाळेला पंचवीस हजार द्यायला तयार आहेत. अट एकच, अंडं बंद करा. ते म्हणतात, अंड्यात तेरा टक्के प्रोटीन आणि डाळीत चोवीस, मग अंडं हवंच कशाला? आम्हा बाकीच्यांच्या घरी कोंबडी-मटण चालतं, पण होतं महिन्यातून एखाद-दोनदा. काय करावं?
— एक पालक, जि. सांगली

उत्तर : आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. माझे आजोबा माळकरी, आषाढीची वारी कधी न चुकवणारे. आमच्या घरात अंडं आलं नाही आणि मी स्वतः आजही खात नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे, की ज्या मुलांच्या घरी चालतं त्यांना शाळेत अंडं मिळायलाच हवं. पंचवीस हजारांसाठी ते बंद करू नका.

आता त्या चोवीस टक्क्यांचं बघू. आकडा खरा आहे, पण तो कोरड्या, न शिजवलेल्या डाळीचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ मिळते. वीस ग्रॅम डाळीतून प्रोटीन येतं पाचेक ग्रॅम. एका अंड्यातून सहा. म्हणजे अंड्याइतकं प्रोटीन डाळीतून वाढवायचं, तर प्रत्येक मुलामागे आणखी पंचवीस ग्रॅम डाळ शिजवावी लागेल आणि ती शिजून, पाणी पिऊन चांगली मोठी वाटीभर होईल. दुसरीतल्या पोराचं पोट केवढं! खिचडीनेच भरतं ते. अंडं चार घासांत संपतं, पचायला सोपं, वर त्यात अ जीवनसत्त्व आणि बी-१२ असतं. डाळ कितीही घाला, बी-१२ त्यातून मिळणार नाही.

शेंगदाण्याबद्दल कुणी बोललं असतं, तर मी निम्मं मान्य केलं असतं. मूठभर, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत अंड्याइतकं प्रोटीन असतं आणि तुमच्याकडे शेंग पिकते. दूध तर पेलाभर दिलं तर प्रोटीनला अंड्याच्या बरोबरीचं आणि बी-१२ला जरा सरसच. पण साठ मुलांचं दूध उन्हाळ्यात जतसारख्या भागात दुपारपर्यंत टिकवायचं कसं, आणि त्यात पाणी किती पडलं हे रोज तपासायचं कुणी? अंड्यात पाणी घालता येत नाही. कवच फोडून पोराच्या हातात पडेपर्यंत ते जसंच्या तसं असतं.

आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं मिळतं. पालघरकडे त्या कामावर असताना मी जेवणाच्या वेळी मुद्दाम बसून राहायचे. मुलं आधी पांढरं खातात, पिवळं शेवटी चाटूनपुसून. एक मुलगा मात्र अंडं न फोडता चड्डीच्या खिशात ठेवायचा. घरी धाकटी बहीण होती, तिच्यासाठी. सेविकाताईंनी मग नियमच केला, की टरफल काढून इथेच खायचं, आणि बहिणीचं नाव वेगळं घालून घेतलं. ‘मूल्यांचा प्रश्न आहे’ असं कुणी म्हणालं की मला तो खिसा आठवतो. हिंसा-अहिंसेचा विचार मोठ्यांनी आपापल्या ताटापुरता जरूर करावा, मीही करते. महिन्यातून एकदा कोंबडी मिळणाऱ्या घरातल्या मुलाचं अंडं काढून तो करू नये.

माळकरी आणि जैन घरांचं म्हणणंही मला शंभर टक्के पटतं. खिचडीच्या पातेल्यात अंडी उकडणं चूकच आहे. पण यावरचा उपाय आपल्या गावांना नवा नाही. एकाच घरात आजोबा माळकरी आणि मुलगा मटण खाणारा, असं किती घरांत असतं! मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजतं आणि आजोबांचं जेवण सोवळ्यात राहतं. तेच शाळेत करा. अंड्यांचं एक पातेलं, एक झारा, एक परात कायमची वेगळी ठेवा. हँडलला लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे स्वयंपाकीताई बदलल्या तरी घोळ होणार नाही. अंडी आधी उकडून घ्या, पातेलं बाहेर काढा, शेगडी पुसा आणि मग खिचडी चढवा. अंडापुलाव नकोच, नुसतं उकडलेलं द्या, म्हणजे खाणाऱ्या-न खाणाऱ्यांची खिचडी एकच राहते आणि सगळी मुलं एका पंगतीला बसतात. कुणाला वेगळं बसवू नका.

वार बुधवार किंवा शुक्रवार ठेवा. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळतात. श्रावणात बरेच जण खात नाहीत, तर तो महिनाभर सगळ्यांनाच शेंगदाण्याची चिक्की द्या. प्रत्येक पालकाकडून वर्षाच्या सुरुवातीला लेखी घ्या, अंडं चालेल की नाही.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं सुरू झालं, तेव्हा न खाणाऱ्या मुलांसाठी पर्याय ठरला केळं किंवा स्थानिक फळ. केळं चांगलंच, पण त्यात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. शाकाहारी घरातलं मूल आहे म्हणून त्याला कमी का मिळावं? जानेवारी २०२५ पासून शासनाने अंड्याचा निधी थांबवून लोकसहभागावर सोपवलंय. म्हणजे आता ठरवणारे तुम्हीच. त्या मुलांना केळ्यासोबत गुळशेंगदाण्याचा मोठा लाडू द्या, कुणी दूध देणारा असेल तर दूधही.

मुंबईकर गृहस्थांना नाही म्हणण्याआधी हेच सांगून बघा. सहा-सात रुपयांना अंडं धरलं, तर गावाला आठवड्याला साधारण चारशे रुपये लागतात. तेवढं वर्गणीतून जमेल. त्यांचे पैसे पूर्णपणे लाडू आणि दुधाकडे वळवा, तसा ठराव करून प्रत त्यांना पाठवा. त्यांचा एक रुपयाही अंड्याला लागणार नाही. बहुतेक ते मानतील.

प्रश्न : ताई, मी पुण्यात शिकते. वर्षभरापासून पूर्ण व्हीगन आहे, म्हणजे दूध-तूपही सोडलंय. आई पुरणपोळीवर तुपाची धार धरते आणि मी ताट मागे घेते, की घरात रडारड होते. तीळ-नाचणी खाल्ली की दुधाची गरज उरत नाही ना? आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचं तुम्हाला काहीच वाटत नाही का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : वाटतं गं, खूप वाटतं. अंड्यांच्या फार्मवर ओळीने रचलेल्या ‘बॅटरी’ पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. २०१७ मध्ये विधी आयोगाने यावर स्वतंत्र अहवाल दिला होता. म्हणून वरच्या गावाला आणखी एक सुचवते : बचत गटातल्या बायकांच्या परसातली अंडी मिळत असतील, तर दोन-चार रुपये जास्त देऊन तीच घ्या. तू स्वतःच्या ताटाबद्दल घेतलेल्या निर्णयाचा मला आदर आहे, आणि तो तू पोटभर खाऊन निभावावास अशी माझी इच्छा आहे.

कॅल्शियमचं तुझं बरोबर आहे. नाचणी, तीळ, राजगिरा रोजच्या जेवणात असू देत. लोहासाठी पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळ आणि जेवणानंतर तासभर चहा नको. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नकोस, त्यात दूध चालतं. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आहे, ते बघ. आईला सांग, पोळीवर तुपाऐवजी नारळाचं दूध चालेल. कोकणात खातातच.

बी-१२ मात्र तीळ-नाचणीत नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठावरही भरवसा ठेवता येत नाही. शरीरात साठा असतो म्हणून पहिली एक-दोन वर्षं काही जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो आणि नसांना झालेली इजा प्रत्येक वेळी भरून येतेच असं नाही. या आठवड्यात रक्त तपासून घे. आकडा बघून डॉक्टर डोस ठरवतील. गोळीतलं बी-१२ जिवाणूंपासून बनवतात, ते प्राण्यापासून घेतलेलं नसतं. कॅप्सूलचं वेष्टण तेवढं जिलेटिनचं नाही ना, हे औषधवाल्याला विचारून घे, आणि व्हीगन राहशील तोवर गोळी सोडू नकोस.