इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये स्वतः गाडी न चालवता पाच दिवस फिरता येईल का?

हो, आरामात; फक्त मुक्काम पेन्झन्सला ठेवा. लंडनच्या पॅडिंग्टनहून तिथवर थेट रेल्वे आहे, साधारण पाच-साडेपाच तास. पुढे लँड्स एंड या इंग्लंडच्या पश्चिम टोकाला बस जाते. सेंट आयव्हस या किनाऱ्यावरच्या गावासाठी सेंट अर्थ स्टेशनवर गाडी बदला आणि उजवीकडची खिडकी पकडा: रूळ आधी खाडीच्या कडेने जातात, मग कार्बिस बेची वाळू थेट खाली दिसते. एवढ्यासाठीसुद्धा रेल्वेच बरी! पेन्झन्सजवळच्या मराझायन गावाहून सेंट मायकल्स माउंट या छोट्या बेटावर ओहोटीत दगडी वाटेने चालत जाता येतं, भरतीत ती वाट पाण्याखाली असते, म्हणून वेळा आधी बघाच. मात्र हे सगळं गणित उन्हाळ्याचं. हिवाळ्यात बसफेऱ्या कमी होतात. ऑगस्ट शक्यतो टाळा, शाळांच्या सुट्ट्यांमुळे तुफान गर्दी असते.