युरेनियमचा शोध : यंत्र आणि विंधन

प्रश्न : गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्राने युरेनियमचा माग लागत असेल, तर खर्चिक विंधन कशासाठी?

उत्तर : अर्ध्या-पाऊण मीटर जाडीचा मातीचा थरही बहुतेक गॅमा किरण अडवतो, त्यामुळे खोलवरचा साठा पृष्ठभागावरून कळत नाही. शिवाय, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, यंत्राला जाणवणारे किरण प्रामुख्याने युरेनियमचे नसून त्याच्या ऱ्हासातून, म्हणजे अणू आपोआप टप्प्याटप्प्याने दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलत जाण्यातून, पुढे निर्माण होणाऱ्या बिस्मथ-२१४ चे असतात. भूजलाने युरेनियम विरघळवून दूर नेले आणि याच साखळीत बिस्मथ-२१४ च्या आधी येणारे रेडियम मागे राहिले, तर काटा उंच जातो, पण खडकात युरेनियम अत्यल्पच असते. म्हणून विंधनछिद्रात गॅमा-शोधक सोडून खोलीनुसार नोंदी घेतात आणि बाहेर काढलेला खडकाचा दंडगोलाकार गाभा उभा चिरून त्याच्या एका भागाचे रासायनिक पृथक्करण करतात. दुसरा भाग फेरतपासणीसाठी पेटीत क्रमाने जपून ठेवतात.