दार आपटलं की छातीत धडधडतं

प्रश्न: माझं वय ३४. लहानपणी वडील रात्री पिऊन यायचे, मग भांडणं, आदळआपट. आज माझं घर शांत आहे. तरी दार आपटलं की छातीत धडधडतं आणि मी मुलावर खेकसते. बालपणीच्या ताणामुळे मेंदूतली रसायनं कायमची बिघडतात, असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: परिणाम होतो, हे खरं. कायमची बिघडतात, हे मला पटत नाही.

धोका जाणवला की मेंदू निरोप धाडतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. ते पुरेसं झालं की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लगाम खेचतो. हा लगाम बालपणी घडतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनी यांच्या गटाने २००४ साली उंदरांमध्ये त्याची घडण दाखवली. आई ज्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात कमी चाटते, त्यांच्या मेंदूत या लगामाच्या जनुकावर रासायनिक खुणा बसतात. जनुक दबतं आणि पिल्लू मोठेपणीही घाबरलं की लवकर सावरत नाही. पण तीच पिल्लं जन्मतःच भरपूर चाटणाऱ्या आईकडे सोपवली, तर धीट निघतात. म्हणजे दोष रक्तातला नव्हे. शिवाय मोठ्या उंदरांच्या मेंदूत औषध सोडून त्या खुणा कमीही करता आल्या. (ते औषध माझ्याकडे मागू नका, माणसांसाठी नाही!)

माणसांचं गणित इतकं सरळ नाही. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयातल्या १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत पाठवली गेली. अनाथालयात राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल पुढे ताण आला तरी नीट वाढेना, म्हणजे अतिताणाने यंत्रणा थंडही पडते. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रतिक्रिया मात्र इतर मुलांसारखीच होती.

आता तुम्ही स्वतःचं वय मोजू नका. जुन्या आघातावर केंद्रित मानसोपचारांचा मोठ्यांनाही चांगला उपयोग होतो. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं. दचकणं कदाचित पूर्ण जाणार नाही. दचकणं आणि खेकसणं यांच्यातला वेळ वाढतो, आणि मला तेवढं पुष्कळ वाटतं.

मुलावर ओरडलात तर शांत झाल्यावर त्याला सांगा, "आवाजाने मी दचकले, तुझं काही चुकलं नव्हतं." वडिलांची गोष्ट आत्ताच सांगायची गरज नाही. झोप उडाली असेल किंवा जुनी दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा.