शेवटची कधी घेतली?

प्रिय डॉक्टरीणबाई,

काल राऊंडला बारा नंबरच्या केसपेपरवर तू 'ऑकेजनल अल्कोहोल' लिहिलेलं बघितलं, तिथेच बोलणार होते पण पेशंटसमोर नको म्हणून आता लिहितेय. ऑकेजनल म्हणजे किती गं? बायको उशाशी उभी असताना विचारलंस तर तो 'घेतो कधीमधी, लग्नाबिग्नात' एवढंच म्हणणार. तिला चहाला पाठव, स्टूल ओढून बस आणि 'पिता का?' नको, 'रोज एक क्वार्टर लागते की दोन?' असं विचार, कमी असेल तर तोच घाईघाईने सांगतो, 'नाही हो मॅडम, एकच'. एक क्वार्टर म्हणजे १८० एमएल, ४२.८ टक्क्यांची धरली तर साठेक ग्रॅम अल्कोहोल झालं, आणि ते रोज!

मग विचार शेवटची कधी घेतली, आणि वेळ लिही, कारण रोजची दारू अचानक तुटली की होणाऱ्या त्रासाचं घड्याळ तिथून सुरू होतं, ॲडमिशनपासून नाही. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, झोप उडते. फिट यायची तर बहुतेक ६ ते ४८ तासांत. डिलीरियम, म्हणजे भ्रम, बरळणं, भास, ४८ ते ९६ तासांत, म्हणजे ऑपरेशन छान झालं म्हणून आपण निवांत असतो तेव्हा.

मी इंटर्न असताना ऑर्थोत मांडीचं हाड मोडलेले एक काका होते. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या वेचत होते, एकेक चिमटीत धरून शेजारच्या वाटीत टाकायचे, मुंगी एकही नव्हती. मावशी म्हणाल्या, मॅडम, ह्यांची दारू तुटलीय. मी म्हटलं भुलीचं असेल, आणि मामांना सांगून हात बांधले. पहाटे बघते तर पायाला लावलेलं वजनाचं ट्रॅक्शन ओढून काढलेलं, अंग तापलेलं, पल्स १४०, थेट आयसीयू. काका वाचले. मावशींचं ऐकलं नाही हे मात्र अजून खुपतं.

आधी कधी दारू सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का, हे विचारल्याशिवाय उठू नकोस, एकदा झालंय त्याला परत व्हायची भीती जास्त. पॉज स्केल (PAWSS, दारू तुटल्यावर जोराचा त्रास होईल का याचा अंदाज देणारी प्रश्नावली) भर, ४ किंवा वर आला तर रिस्क जास्त धरायची, आणि हे लक्षणं नसतानाच करायचं असतं. सीवा (CIWA) स्केल त्यानंतरचं, त्रास सुरू झाल्यावर तो किती आहे ते मोजायला, दहा मुद्दे, एकूण गुण ६७, पण पेशंट नीट उत्तरं देत असेल तरच, बरळणाऱ्याचा सीवा काढून काय उपयोग. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाची, पल्स कमी करणारी गोळी) चालू असेल तर पल्स शांत दिसेल, फसू नकोस.

आणि उलटंही, प्रत्येक बरळणारा दारूचाच असं धरू नकोस हं. शुगर बघ, पडून डोक्याला लागलंय का, इन्फेक्शन, लिव्हर. थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन, ग्लुकोजच्या आधी, पण शुगर खरंच खाली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नाही, दोन्ही बरोबर दे. दारू तुटल्याचा त्रास शमवायला, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं, डोस मला विचारून.

बारा नंबरची बायको एकच्या सुमाराला डबा आणायला खाली जाते. तेव्हा जा. आणि ते 'ऑकेजनल' खोड.

– मॅडम