वादळात रावेर-यावलकडची केळी आडवी झाली. हे हवामान बदलामुळेच, असं म्हणता येईल का?

छातीठोकपणे नाही. उन्हाबद्दल विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. शास्त्रज्ञ जुन्या नोंदी आणि संगणकी प्रारूपं घेऊन दोन जगं ताडून बघतात: आजचं, आणि माणसाने तापवलं नसतं तर असतं ते. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट अशी तपासली, तेव्हा तिची शक्यता सुमारे ३० पटींनी वाढल्याचं दिसलं. भुसावळचा पारा पूर्वीही चढायचाच, प्रश्न 'किती वेळा' याचा आहे.

अतिवृष्टीचंही थोडंफार सांगता येतं, कारण हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते.

वादळ-गारपिटीचं मात्र अवघड. दहा-पंधरा मिनिटांत दोन-चार गावं झोडपून जाते, शेजारच्या शिवारात थेंब नाही. एवढी छोटी घटना प्रारूपात नीट उतरत नाही, जुन्या नोंदीही तुटपुंज्या. त्यात केळीची मुळं उथळ आणि वर घडाचं ओझं, म्हणून निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग आधी झोपते.

बाकी, फळपीक विम्याला हे कारण लागत नाही. तिथे हवामान केंद्रावर वाऱ्याचा वेग किती नोंदला गेला ते बघतात.